हॉलमधली चार फूट जागा: घरात व्हीआर हेडसेट वापरण्यासाठी केलेल्या कामाच्या नोंदी

रविवार, २२ सप्टेंबर २०२४

काल संध्याकाळी सातच्या सुमारास माझ्या हातून आईला लागलं. डाव्या भुवईवर तीन टाके पडले, चष्म्याची एक काच गेली. व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचं यंत्र, घरात येऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते.

झालं ते असं. मी हॉलच्या मधोमध उभा राहून बॉक्सिंगचा खेळ खेळत होतो, आवाज मोठा होता. आमचं देवघर हॉलच्या आतल्या कोपऱ्यात आहे. आई रोजच्यासारखी दिवा लावायला आली. ती उजवीकडून आली आणि मी त्याच वेळी उजवा हात फिरवला. हातात धरलेल्या कंट्रोलरची कड थेट भुवईवर बसली. चष्मा नसता तर डोळ्यावर आलं असतं.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात आई म्हणाली, "अरे, तुझं तोंड माझ्याकडेच होतं. मला वाटलं, तू बघतोयस मला."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. हेडसेट लावलेला माणूस मान वळवतो, वर-खाली बघतो, हसतो. घरातल्यांना तो बघणाराच वाटतो, आणि त्याला काहीच दिसत नसतं. त्याच्यापासून कोणी लांब उभं राहत नाही.

विकून टाकू, असं मी म्हणालो. आईनेच नको म्हटलं, तेरा वर्षांच्या नातीचा जीव त्यात अडकलाय म्हणून. मग ठरवलं, हॉल नीट होईपर्यंत हेडसेट कपाटात. ठाण्यातला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, माणसं चार, त्यात आई बहात्तर वर्षांची. अशीच घरं बहुतेकांची असणार, म्हणून जे करतोय ते तारखेनिशी लिहून ठेवतो.

शनिवार, २८ सप्टेंबर

आज फक्त मापं घेतली, कारण आधी ती घेतलीच नव्हती. डब्यातून काढलं, डोळ्यांवर चढवलं, कंट्रोलरने जमिनीवर खेळायच्या जागेची हद्द आखली आणि खेळायला लागलो होतो.

हॉल १७ फूट बाय साडेदहा फूट. एका लांब भिंतीला टीव्हीचं युनिट, खोली दीड फूट. समोरच्या भिंतीला सोफा, तीन फूट. मध्ये उरतात सहा फूट, आणि त्यात काचेचा टीपॉय. चालत-फिरत खेळायच्या खेळांना दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट औरसचौरस मोकळी जागा सांगतात. आमच्याकडे ती कधीच नव्हती.

मग हातांचं माप. मी पाच फूट नऊ इंच. जागेवर उभं राहून हात आडवा केला की छातीच्या मध्यापासून कंट्रोलरच्या टोकापर्यंत दोन फूट दहा इंच भरले. दोन्ही हात पसरले की जवळजवळ पावणेसहा फूट. म्हणजे पाऊल न हलवताच मी सोफ्यापासून टीव्हीपर्यंतची जागा व्यापत होतो. खडूने जमिनीवर हे वर्तुळ काढलं आणि बायकोला बोलावून दाखवलं. ती काही बोलली नाही, टीपॉय आत नेण्यासाठी एका बाजूने उचलायला लागली.

रविवार, २९ सप्टेंबर

टीपॉय कायमचा गेला, वरची काच गादीखाली ठेवलीय. डिसेंबर २०१७ मध्ये मॉस्कोत हेडसेट लावलेला एक ४४ वर्षांचा माणूस तोल जाऊन काचेच्या टेबलावर पडला आणि रक्तस्रावाने गेला. रशियाच्या तपास यंत्रणेनेच ती माहिती दिली होती. तेव्हा मी ती बातमी वाचली होती, आणि तरीही काचेच्या टीपॉयपासून दोन फुटांवर अकरा दिवस खेळलो.

सोफा देवघराच्या बाजूच्या आडव्या भिंतीला लावला. पाहुणे आले की टीव्ही तिरका बघावा लागणार, त्यावरून घरात अर्धा तास चर्चा झाली. पण आता टीव्हीचं युनिट सोडून नऊ फूट रुंदी मोकळी झाली.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आजचा दिवस पंख्याचा. जमिनीवर आखलेली हद्द भिंती आणि सोफा सांभाळते, डोक्यावर काय आहे ते तिच्या हिशेबात नसतं. आपल्याकडे प्रत्येक हॉलच्या बरोबर मध्यावर पंखा लटकतो, आणि मोकळी जागाही तिथेच असते.

आमच्याकडे पीओपीचं खोटं छत आहे, त्यामुळे पंख्याचं पातं जमिनीपासून सात फूट आठ इंचांवर. मी हात सरळ वर केला तर बोटं सात फूट पाच इंचांवर पोचतात. टाचा उचलल्या की झालंच. वरून येणारी वस्तू झेलायची असेल तर टाचा आपोआप उचलल्या जातात. पंखा नेहमीच्या १२०० मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून दोन फुटांपर्यंत चौफेर पातं फिरतं.

वायरमनला बोलावून पंखा टांगायचा डाऊनरॉड कापून लहान करून घेतला. तो सांगत होता, "साहेब, पातं छताजवळ गेलं की वारा लागणार नाही." मी ऐकलं नाही. ४५० रुपये.

रविवार, ६ ऑक्टोबर

वायरमनचं बरोबर होतं. ऑक्टोबरचा उकाडा आणि पंखा फिरतोय पण वारा नाही. वर खोट्या छताला थरथर यायला लागली. आई रात्री हॉलमध्ये झोपते, तिला झोप लागली नाही. सकाळी वायरमनला परत बोलावून जुन्या लांबीचा रॉड लावला. आणखी ४५०. नऊशे रुपये आणि दोन दिवस, हातात काही नाही.

मग म्हटलं, खेळताना पंखा बंदच ठेवू. संध्याकाळी पंखा बंद करून, हेडसेट न लावताच पाच मिनिटं हात फिरवून बघितले आणि बंद पात्यावर बोटांची पेरं आपटली. पातं फिरत नसलं तरी पत्र्याची धार ती धारच. सालटं निघालं.

म्हणजे पंखा बंद करायचाच, पण उभं राहायचं तेही त्याच्या खाली नाही. खेळायची जागा मधून काढून बाल्कनीच्या बाजूला सरकवली. आता उभं राहायचा मध्यबिंदू पंख्याच्या मध्यापासून साडेचार फूट आणि बाल्कनीच्या सरकत्या दारापासून चार फूट. दार काचेचं आहे. खेळताना ते बंद करून कडी लावायची आणि घरातली जादा कापसाची गादी त्याला टेकवून उभी करायची. खर्च शून्य. या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त भरवसा याच गादीचा वाटतो.

टीव्हीवर आईची जुनी गोधडी, दोन चिमट्यांनी अडकवलेली.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

हेडसेट तीन आठवड्यांनी बाहेर काढला. हद्द नव्याने आखायची होती, आणि इथे माझी जुनी चूक नीट कळली. मी हद्द अगदी फर्निचरच्या कडेपर्यंत ओढायचो, जेवढी जास्त जागा तेवढं बरं म्हणून. हात हद्दीजवळ गेला की डोळ्यांसमोर जाळी दिसते, मग भीती कसली?

हिशेब करून बघा. जोरात फिरवलेला हात सेकंदाला तीन मीटरने सहज जातो. जाळी दिसल्यावर हात आवरायला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्या वेळात हात पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट पुढे गेलेला असतो. जाळी दिसते तेव्हा भिंतीवर आपटून झालेलं असतं. सावकाश चालणाऱ्या माणसाला जाळी वाचवते, ठोसा मारणाऱ्याला नाही.

तेव्हा हद्द भिंतीपासून दोन-अडीच फूट आत घ्यायला हवी. तसं केलं की आमच्या हॉलमध्ये उरते जेमतेम चार फूट औरसचौरस जागा. चालायचे खेळ बाद झाले. एका जागी उभं राहून खेळायची पद्धत सेटिंगमध्ये निवडली आणि तीच ठेवणार. मुलगी हिरमुसली. तिचं चुकलं नाही, तिला पळायचं होतं. पण भिंती काही हलत नाहीत.

रविवार, १३ ऑक्टोबर

जागेवरच उभं राहतोय असं आपल्याला वाटतं, पण दहा मिनिटांत माणूस फूट-दीड फूट सरकलेला असतो. पायाला खूण हवी. आधी सतरंजी घातली. व्हिट्रिफाइड टाइल्सवर ती साबणासारखी सरकली, मी एका गुडघ्यावर आलो. मोजे घालून तर उभंही राहू नका.

मग व्यायामशाळेत घालतात तसल्या, एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या लाद्या आणल्या. दोन फूट बाय दोन फुटांच्या चार, २० मिलिमीटर जाड, १,४८० रुपये. जास्त जाड म्हणजे जास्त सुरक्षित असा माझा समज. तो चुकला. पाय आत रुततो, आणि कडेवरून उतरताना घोटा वळतो. मुलीचा वळला. बर्फ लावावा लागला. दुकानदाराने परत घेतल्या नाहीत.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

१२ मिलिमीटरच्या चार लाद्या, ९६० रुपये. भोवती उतरत्या कडेच्या पट्ट्या, २८० रुपये. आता अनवाणी उभं राहिलं की कड तळव्याला बरोबर कळते, आणि घोट्याला त्रास नाही. लाद्या पातळ घ्या. पट्ट्या विकत घेणं टाळू नका.

आणखी एक गोष्ट योगायोगाने सापडली. छताचा पंखा बंद म्हणून माळ्यावरचा टेबलफॅन काढून टीव्हीच्या उलट बाजूला, सहा फुटांवर स्टुलावर ठेवला. तेव्हा कळलं की वारा कुठल्या गालावर लागतोय त्यावरून आपलं तोंड कुठे आहे हे हेडसेटच्या आतही कळतं. गरगरणंही कमी झालं. वायर मात्र भिंतीच्या कडेने नेऊन चिकटपट्टीने पक्की केली. पहिल्या दिवशी ती लादीवरून गेली होती.

शनिवार, १९ ऑक्टोबर

वस्तू झाल्या, आता माणसं. हे काम सगळ्यात अवघड गेलं आणि अजूनही पूर्ण झालं असं वाटत नाही.

पहिला उपाय: आतल्या पॅसेजच्या तोंडाशी कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधली, तिला मुलीच्या नाचाच्या वर्गातले घुंगरू. कोणी आलं की आवाज व्हावा. चार दिवस ठीक चाललं. बुधवारी रात्री मी दोरी सोडायला विसरलो आणि पहाटे आई अंधारात पाणी प्यायला उठली. दोरी पोटाला लागून ती मागे गेली, भिंत होती म्हणून पडली नाही. मी तिला वाचवायला बांधलेल्या दोरीने तीच पडत होती. दोरी त्याच सकाळी काढली.

दुसरा उपाय: आमच्या हेडसेटमध्ये एक सोय आहे. हद्दीत कोणी शिरलं तर त्याची आकृती दिसते. ती सेटिंगमध्ये बंद होती, चालू केली. दुपारी चांगली चालते. संध्याकाळी हॉलमध्ये एकच पिवळा दिवा लावला तर तिचा भरवसा नाही, कारण बाहेरचे कॅमेरे उजेडावर चालतात. आईची दिवा लावायची वेळ नेमकी तीच. आता खेळताना दोन्ही ट्यूबलाइट लावतो, तरी या सोयीवर विसंबत नाही.

तिसरा अनुभव आज सकाळचा. जागा बाल्कनीकडे सरकवली तेव्हा देवघरापासून लांब गेलो याचं समाधान होतं. पण कपडे वाळत घालायचा रस्ता त्याच जागेतून जातो, हे लक्षातच आलं नाही. बायको बाल्कनीत होती. मी बघितलंच नाही, दार लावलं, गादी टेकवली आणि सुरू केलं. तिने बाहेरून दार वाजवलं, मला कानातल्या आवाजात कळलं नाही. दहा मिनिटं ती उन्हात उभी. चिडली, आणि तिचं चिडणं रास्तच होतं.

त्यानंतर घराचा नियम एकच केला: राखणदाराशिवाय हेडसेट लावायचा नाही. घरातलं एक मोठं माणूस सोफ्यावर बसणार. आतलं चित्र टीव्हीवर उमटवता येतं, म्हणून खेळताना टीव्हीवरची गोधडी अर्धी दुमडतो, राखणदाराला आत काय चाललंय ते दिसतं. सुरुवात करण्याआधी राखणदार घरातल्या प्रत्येकाला हाक मारून कोण कुठे आहे ते बघतो. पॅसेजच्या तोंडाशी लाल प्लास्टिकची खुर्ची आडवी ठेवतो. खुर्ची अंधारातही धडकली तर सरकते, दोरीसारखी अडकवत नाही. आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ खेळ बंद. ती आईची वेळ.

राखणदार मिळाला नाही तर त्या दिवशी खेळ नाही. 

शनिवार, २६ ऑक्टोबर

छोटी कामं. कंट्रोलर हातातून निसटू नये म्हणून असलेल्या मनगटाच्या दोऱ्या सुरुवातीपासून डब्यातच होत्या. बाहेर काढल्या तर एकीचा अडकवा तुटलेला निघाला. दोन नव्या घेतल्या, ३५० रुपये. टीव्ही युनिटच्या कोपऱ्यांना फोमचे कोपरे, १८० रुपये.

मुलीने हेडसेट खिडकीच्या कट्ट्यावर भिंगं वर करून ठेवलेला सापडला, ऊन यायला पाच मिनिटं होती. भिंगातून ऊन आतल्या पडद्यावर एकवटलं तर पडदा कायमचा जळतो. आता जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात.

पुस्तिका शेवटी नीट वाचली, जे पहिल्या दिवशी करायचं होतं. दर अर्ध्या तासाने दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. चार हजारांत एखाद्याला लखलखत्या चित्रांनी जोराची चक्कर किंवा फीट येऊ शकते. आणि पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळ घ्यायचा नाही, आत चुंबक आणि रेडिओलहरी असतात. आईला पेसमेकर आहे. चार आठवडे आम्ही कंट्रोलर तिच्या पलंगाशेजारच्या कप्प्यात ठेवत होतो. जागा आजच बदलली, सोमवारी तिच्या डॉक्टरांना फोन करून विचारणार.

सोमवार, २८ ऑक्टोबर

डॉक्टरांनी सांगितलं, आईने हेडसेट डोक्याला लावायचा नाही आणि कंट्रोलर छातीपासून लांब. आज चाळीस मिनिटं उडण्याचा खेळ खेळून मी दूध आणायला स्कूटर काढली. सोसायटीच्या फाटकापर्यंत गेलो आणि वळताना रस्ता तिरका वाटला. स्कूटर तिथेच लावून चालत गेलो. यापुढे खेळानंतर अर्धा तास गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज

घरात अकरा माणसं. खरी परीक्षा आजच होती.

सगळ्यात धाकटा भाचा सात वर्षांचा. त्याला दिला नाही. कंपन्या दहा किंवा तेरा वर्षांखालच्या मुलांना नको म्हणतात, आणि भिंगांमधलं अंतर इतक्या लहान डोळ्यांना जुळतही नाही. तो रडला. त्याला माझ्याबरोबर राखणदार केलं, आणि पॅसेजमधून कोणी आलं की ओरडायचं काम दिलं. ते त्याने इतकं मन लावून केलं की मला एकदाही मागे बघावं लागलं नाही.

भाचीला, वय चौदा, उंच इमारतीवरच्या फळीवर चालायचा खेळ लावून दिला. ही माझी चूक. फळीच्या टोकाशी ती घाबरली आणि मागे व्हायच्या ऐवजी खोट्या कठड्यावर हात टेकायला गेली. कठडा नव्हताच. सगळा भार पुढे गेला. मी हातभर अंतरावर होतो म्हणून दंड धरता आला, तरी आम्ही दोघं गादीवर आपटलो. लागलं कुणालाच नाही. गादी नसती तर पुढे काचेचं दार होतं.

आतली गोष्ट खरी वाटणं हेच या यंत्राचं काम आहे. तेव्हा माणूस खोट्या टेबलावर टेकणार, खोट्या खुर्चीवर बसणार. उंची, पडणं, आकाशपाळणा असे सगळे खेळ आता हात असलेल्या, चाकं नसलेल्या खुर्चीत बसूनच.

मेहुण्याने मनगटाची दोरी न घालता खेळायला सुरुवात केली, मी थांबवलं. त्याला वाटलं मी फार करतोय. ब्रिटनमधल्या अविवा या विमा कंपनीने हेडसेटमुळे झालेल्या घरगुती नुकसानीचे दावे २०२१ साली ३१ टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं होतं, आणि त्यात एका ग्राहकाने खेळता खेळता टीव्हीवर कंट्रोलर फेकल्याचाही दावा होता. हे त्याला सांगितलं. पण त्याने दोरी घातली ती आईच्या भुवईकडे बघून. व्रण अजून लाल आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

दोन आठवडे एकही ठोकर नाही. खर्चाचा हिशेब: वायरमन ९००, जाड लाद्या १,४८०, पातळ लाद्या आणि पट्ट्या १,२४०, मनगटाच्या दोऱ्या ३५०, कोपरे १८०. एकूण ४,१५० रुपये, त्यातले २,३८० वाया. उपयोगी पडलं ते १,७७० रुपयांत झालं. गादी, गोधडी, टेबलफॅन आणि खुर्ची घरातलीच. आईच्या टाक्यांचा आणि चष्म्याचा खर्च यात धरलेला नाही.

मांडामांड करायला पहिल्यांदा वीस मिनिटं लागायची, आता सात लागतात. मुलगी एकटी सगळं मांडते आणि गादी टेकवल्याशिवाय हेडसेटला हात लावत नाही.

उरलेलं काम: आई अजूनही पॅसेजच्या तोंडाशी थांबते. खुर्ची नसली आणि मी नुसता टीव्ही बघत बसलेलो असलो तरी थांबते, आणि "येऊ का रे?" असं विचारून मगच हॉलमध्ये पाऊल टाकते. देवघर आतल्या खोलीत हलवू का, असं विचारलं तर नको म्हणाली. पुढच्या रविवारी हेडसेटच आतल्या खोलीत नेता येतो का, त्याची मापं घेणार आहे. ती खोली दहा बाय दहा आहे. पलंग उभा करता आला तर जमेल.